खिशातला पातळ कागद

"सगळ्याच पांढऱ्या. रंग महाग पडतो की काय यांना? एखादी हिरवी करा, एखादी निळी करा... छे. सगळ्या एका आईच्या लेकी."

मी स्वयंपाकघराच्या दारात, हातभर अंतरावर उभी होते; पण मास्तरांना वाटत होतं, आपण एकटेच आहोत. गोळ्यांच्या डब्यात नाक खुपसून त्यांची कुरकुर चालली होती. एक वाक्य झालं की थांबायचं, श्वास गोळा करायचा, मग पुढचं वाक्य. हल्ली त्यांची कुरकुरसुद्धा हप्त्याहप्त्याने येते.

"लांबोडकी ती हृदयाची," मी म्हणाले. "चपटी ती साखरेची. आणि अर्धी मोडलेली ती पायावरच्या सुजेची."

दचकले. "तू कधी आलीस?"

"लग्न करून आले तेव्हाच. घ्या मुकाट्याने."

त्यांना सगळे मास्तर म्हणतात. कोणाला काही शिकवलंय असं माझ्या पाहण्यात नाही. पण फुंकून वाजवायची जेवढी म्हणून वाद्यं असतात, क्लॅरिनेट म्हणा, सॅक्सोफोन म्हणा, ट्रम्पेट म्हणा, ती बिघडली की यांच्याकडे येतात. घराची रस्त्याकडची खोली म्हणजे त्यांचं दुकान. तिथे जन्मभर पितळ घासलं, भट्टीवर सांधे जोडायला डाग दिला, लाखेचा धूर घेतला, आणि वरून दिवसाला पाकीटभर सिगारेटी. सिगारेट लेकीच्या लग्नाआधी सोडली. पण फुप्फुसं म्हणजे काही सासर नव्हे, की मागचं विसरून नव्याने नांदायला घेतील. त्या दुखण्याला मोठं थोरलं नाव आहे, डॉक्टर चार इंग्रजी अक्षरांत उरकतात. आम्ही घरात नुसतं 'छाती' म्हणतो. छाती बरी आहे, छाती बरी नाही.

छाती एकटी असती तर एक वेळ निभावलं असतं. पण दुखणी काय एकटी येत नाहीत, पाहुण्यांसारखी गोतावळा घेऊन येतात. साखर होतीच. मग हृदय म्हणालं, मीच काय पाप केलंय? तेव्हापासून आमचे डॉक्टर तीन. छातीच्या डॉक्टरीणबाई, साखरेचे डॉक्टर आणि हृदयाचे डॉक्टर. तिघांची तोंडं तीन दिशांना. छातीसाठी दिलेल्या गोळ्यांनी साखर चढते. साखरवाले ते वाचून भुवई वर करतात आणि आधी माझ्याकडे बघतात, जणू मीच रात्रंदिवस या माणसाला खडीसाखर चारते. छातीसाठी दिलेल्या औषधाच्या वाफेने हृदय धडधडतं, म्हणून हृदयवाले नाराज. त्यांनी सूज उतरायला गोळी दिली, तर ती घेतली की सारखं मोरीकडे पळावं लागतं, आणि पळालं की धाप लागते, म्हणून छातीवाल्या नाराज. एकाचं औषध ते दुसऱ्याचं दुखणं. मधल्यामध्ये आमचा माणूस, सगळ्यांनी आपापल्या बाजूला ओढलेल्या चादरीसारखा.

यंदा दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं. दुसऱ्या खेपेला ओठ निळे पडले होते. सोडताना डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "घरी ते वाफेचं मशीन दिलंय ना, ती वाफ एकही चुकवायची नाही. पुन्हा या अवस्थेत आले तर मी त्यांना बाहेर काढेनच, असं नाही सांगू शकत."

बास. एवढंच मी पदरात बांधून घरी आणलं. बाकी मीठ किती, पाणी किती, चालायचं किती, हे सगळं होतं. पण मुद्दा तो एक. वाफ चुकली तर माणूस जाईल.

वाफेवर देखरेख वन्संची. माझी नणंद, यांची थोरली बहीण; यजमान गेल्यापासून आमच्याकडेच असतात. मी दिवसभर लाँड्रीत कामाला, त्यामुळे घरचा पहारा त्यांच्याकडे. ठरल्या वेळी मास्तर दुकानात जायचे, दार लावून घ्यायचे, कारण मास्क लावून बसलेलं गिऱ्हाईकाने पाहिलेलं त्यांना खपायचं नाही. आतून मशीनचा घरघराट सुरू व्हायचा आणि वन्सं बाहेर खुर्चीत बसून विणकाम करत तो ऐकायच्या. त्यांना कानाने थोडं कमीच येतं. पण ते मशीन म्हणजे काय, बहिऱ्यालाही जाग येईल असं. संध्याकाळी मी आले की अहवाल तयार.

"घेतली का वाफ?"

"घेतली हो. चांगली पोटभर घेतली. मी ऐकलं ना."

मी काम करते त्या लाँड्रीत माझी जागा काउंटरच्या मागे. आलेला प्रत्येक कपडा उलटा-सुलटा करून पाहायचा, डाग कशाचा ते ओळखायचं, वास घ्यायचा, आणि खिसे तपासायचे. पेन राहिलं असेल तर अख्खा घाणा निळा होतो. तेव्हा लोकांचे खिसे तपासणं हा माझा शौक नाही, ती माझी नोकरी आहे. नवरे काय लपवतात, बायका काय लपवतात, सगळं आधी मला कळतं. आणि मी तोंडाला कुलूप लावून वस्तू पाकिटात घालून परत करते.

तर मास्तरांचा जाड कोट, दुसऱ्या दवाखान्यापासून खुंटीलाच होता, तो मी धुवायला नेला होता. आतल्या खिशात हात घातला आणि बोटांना काहीतरी लागलं. चिमुकलं पाकीट. आत पातळ, पांढरे, कांद्याच्या पापुद्र्यासारखे कागदाचे तुकडे, एका कडेला डिंक.

माझ्या शेजारी इस्त्री करणारी बाई उभी होती. तिने नुसतं वाकून पाहिलं. "हा सिगारेट वळायचा कागद. माझा दीर वापरतो. कोणाचा गं कोट?"

"असाच कोणाचा तरी," मी म्हणाले आणि पाकीट माझ्या खिशात टाकलं. जन्मात पहिल्यांदा सापडलेली वस्तू परत करायच्या पाकिटात घातली नाही.

संताप असा आला की पुढचे दोन कोट मी न बघताच आत दिले. मग जरा डोकं थंड झाल्यावर पुन्हा तो कोट काढला. खिशाची शिवण उलटी केली. तंबाखू खिशात एकदा जरी आली तरी शिवणीत भुगा राहतो, तो झटकून जात नाही. हे मी कोर्टात शपथेवर सांगेन. शिवण स्वच्छ होती. कॉलरला वास नव्हता. अस्तराला नव्हता. मी मनात म्हटलं, पुरावा लपवायला शिकलेत. मुरलेला चोर आहे.

आता वाटतं, जी बाई खिशाच्या शिवणीवरून माणूस ओळखते, तिने स्वतःच्या नवऱ्याच्या शिवणीवर विश्वास का ठेवला नसेल? पण तेव्हा नाही ठेवला.

घरी काही बोलले नाही. चोराला चोर म्हटलं की तो जागा बदलतो. मी नुसती पाहायला लागले. आणि माणूस पाहायला लागला की काय काय दिसतं!

वाफेचा मास्क रबराच्या पट्टीने गच्च बसतो. काढल्यावर गालावर दोन वळ उठतात, बराच वेळ जात नाहीत. आधी आधी मास्तर दुकानातून बाहेर यायचे तेव्हा मांजरीच्या मिशांसारखे ते वळ दिसायचे, मी हसायचेसुद्धा. एका सुट्टीच्या दिवशी मी पाहिलं, मशीन बंद झालं, मास्तर बाहेर आले, गाल कोरे. सदऱ्याचा पुढचा भाग वाफेने दमट व्हायचा, तोही कोरडा. वाफ झाली की चूळ भरायची असते, नाहीतर तोंड आतून पांढरं होतं. चूळ भरायचा पेला पालथा, तळाशी थेंब नाही.

"वन्सं, आज वाफ घेतली का यांनी?"

"घेतली की. ऐकलं नाहीस? केवढा वेळ चालू होतं!"

"केवढा वेळ" हे मात्र खरं. पूर्वी चहा गार व्हायच्या आत आटपायचं, आता मशीन चालू ते चालूच. आणि इतकी वाफ घेऊन माणूस सुधारायला हवा, तर उलट. मोरीपर्यंत जाऊन आले की भिंतीला हात टेकून उभे. मोजा काढला की घोट्यावर खोल खाच. बोलताना वाक्याचं शेपूट गिळायला लागले.

मी हिशेब मांडला तो असा: दार लावायचं, मशीन नुसतं चालू ठेवायचं, म्हणजे बहिणीला आवाज, आणि खिडकीशी बसून सिगारेट ओढायची. वास जाऊ नये म्हणून खिडकी. अगदी चपखल बसत होतं. एकच गोष्ट बसत नव्हती, ती म्हणजे वास. मी जाता-येता दुकानात डोकावून हुंगायचे. लाख, पितळ घासायची पूड, तेल. बाकी काही नाही.

"काय गं, मांजरासारखी हुंगत फिरतेस?" मास्तर म्हणाले.

"मांजर उंदीर असल्याशिवाय हुंगत नाही."

त्यांनी हातातलं काम झटकन फडक्याखाली सारलं. मी पाहिलं. मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं.

संशय हा घरातल्या ओलीसारखा. एका भिंतीला आला की बाकीच्या भिंती कोरड्या राहत नाहीत. लेक दुसऱ्या गावी असते, रोज फोन करते. तिने वडिलांकडून सुजेचं ऐकलं आणि मला पकडलं. "आई, बाबांच्या पायाला सूज कशी आली? तू मीठ घालतेस का?"

"मी? अगं, गेलं वर्षभर आम्ही तिघं आजाऱ्याचं अळणी जेवण जेवतोय. माझ्या जिभेला चव कशाला म्हणतात आठवत नाही!"

"मग लोणचं कोण देतं त्यांना?"

मी वन्संकडे बघितलं. वन्संनी विणकामात डोकं घातलं. म्हणजे लोणचं सापडलं. आणि साखरही सापडली, त्याच दिवशी; वन्संनीच कबूल केलं. पूर्वी वाफ घेतली की यांचे हात थरथरायचे. वन्संच्या यजमानांनाही साखर होती, ती उतरली की त्यांचेही हात थरथरायचे. तेव्हा वन्संनी आपलं ठरवून टाकलं: थरथर म्हणजे साखर उतरली. आणि दर वेळी धाकट्या भावाला पेलाभर साखरपाणी, मला न सांगता. साखरवाले डॉक्टर माझ्याकडे बघत होते ते उगाच नव्हतं तर!

"वन्सं, अहो, त्या औषधानेच हात थरथरतात! डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं."

"मला कोण सांगतं? मी आपली आश्रित," वन्सं म्हणाल्या. मग लगेच, "पण हल्ली नाही हो देत. हल्ली त्याचे हात थरथरतच नाहीत. बघितलंस? सुधारतोय तो."

 हात थरथरत नाहीत. म्हणजे वाफ जात नाही आत. माझ्या मनात जो संशय होता त्यावर वन्संनी आपल्या हाताने शिक्का मारला, आणि त्यांना वाटलं शुभवर्तमान दिलं.

त्याच आठवड्यात शाळेची बँड शिकवणारी बाई क्लॅरिनेट न्यायला आली. आनंदी बाई, दारातूनच बोलत येते. माझी सुट्टी होती आणि मी दुकानात लुडबुडत होते, मुद्दाम. मास्तरांची जुनी पद्धत अशी, की दुरुस्त झालेलं वाद्य द्यायच्या आधी स्वतः वाजवून दाखवायचं. नुसती सा-रे-ग-म नव्हे. एक लांबलचक सूर लावायचे, इतका लांब की रस्त्यावरचे लोक थांबून बघायचे, हा माणूस श्वास कधी घेणार म्हणून. लग्न ठरवायला आले होते तेव्हा माझ्या वडिलांसमोरही तेच केलं. वडील म्हणाले होते, "मुलाची छाती चांगली आहे." तेवढ्यावर लग्न ठरलं.

"मास्तर, ऐकवा की," बाई म्हणाली.

"तूच वाजव. तुझं वाद्य, तुझं तोंड."

"असं कधी झालंय का? मास्तरांनी वाजवल्याशिवाय मी नेत नसते."

"आत्ताच जेवलोय," मास्तर म्हणाले. "भरल्या पोटी... फुंकू नये."

जेवण व्हायचं होतं. ताट अजून मी वाढलंही नव्हतं. मी तोंड उघडलं होतं, पण मास्तरांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी ते मिटलं. बाईने स्वतः वाजवलं. सूर स्वच्छ आला. "वा! एकाही चावीतून हवा गळत नाही. हात अजून तसाच आहे हो तुमचा."

"हात आहे," मास्तर म्हणाले.

ती गेल्यावर मी विचारलं, "जेवलात कधी?"

"तुला प्रत्येक गोष्टीचा... पंचनामा लागतो."

"लागतो. कारण कोणीतरी खोटं बोलतंय."

"हो ना," ते म्हणाले. "तू आणि लेक. फोनवर कुजबुज चालते, मी आलो की गप्प. दुकान बंद करायचं ठरवताय. मला... कळत नाही का?"

खरं सांगायचं तर तसं बोलणं एकदा झालं होतं.   एकाच छपराखाली आम्ही दोघं, दोन वेगवेगळ्या गुन्ह्यांचे पोलीस.

मग एके दिवशी लाँड्रीचा बॉयलर बिघडला आणि आम्हाला दुपारीच सुट्टी मिळाली. घरी आले तर वन्सं आपल्या जागी, विणकाम मांडीवर. आतून मशीनचा घरघराट.

"घेतोय," वन्संनी खुणेने सांगितलं.

मी दाराशी उभी राहिले. आणि पहिल्यांदा नीट ऐकलं. मशीन एकसारखं घरघरत नव्हतं. मध्येच आवाज कोंडल्यासारखा चढायचा, मग मोकळा व्हायचा. पुन्हा चढायचा, पुन्हा मोकळा. वाफ घेताना असं होत नाही. सिगारेट ओढतानाही मशीनला असं व्हायचं कारण नव्हतं.

खिशातून ते कागदाचं पाकीट काढलं, मुठीत धरलं, आणि दार ढकललं.

मास्तर खिडकीशी नव्हते. आपल्या नेहमीच्या स्टुलावर, दिव्याखाली बसले होते. समोर मांडीवर क्लॅरिनेट, खालचं तोंड गुडघ्याला दाबलेलं. त्याच्या वरच्या तोंडात रबरी बूच, बुचात मशीनची नळी. जी नळी यांच्या तोंडाशी जायला हवी, ती क्लॅरिनेटच्या तोंडात. मास्क खिळ्याला टांगलेला. औषधाची छोटी वाटी बाजूला, रिकामी, आणि खाली गटाराकडे जाणारी फरशी ओली. एका हाताने ते चाव्या दाबत होते. सगळ्या भोकांवर चाव्यांखालच्या चकत्या घट्ट बसल्या की हवा कोंडायची आणि मशीन चढायचं. चावी सोडली की मोकळं. दुसऱ्या हाताच्या चिमटीत एक पातळ कागदाची पट्टी. चकतीखाली सरकवायची, चावी दाबायची, हळूच ओढायची. अडकली तर चकती नीट बसली. सुटून आली तर तिथून हवा गळते. हात दगडासारखे स्थिर.

तीच कागदाची पट्टी. माझ्या मुठीत होती तीच.

त्यांनी मान वर केली. मशीन बंद केलं नाही. बहुतेक सुचलंच नाही.

मी मूठ उघडून पाकीट त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी आधी पाकिटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्यांच्या तोंडावर हसू आलं. "तू घेतलंस होय? मी सगळं दुकान... पालथं घातलं. दुसरं आणावं लागलं."

"मला वाटलं सिगारेट."

"सिगारेट!" ते हसायला लागले आणि हसण्याचा खोकला झाला, खोकल्याची धाप. मी पाठीवर हात ठेवून उभी राहिले. पाठ हाताखाली भात्यासारखी वर-खाली होत होती. उसंत मिळाल्यावर म्हणाले, "अगं, ओढायला... दम तरी... नको का?"

"मग वाफ का नाही घेतलीत? ओतून देता! डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या, ठाऊक आहे ना?"

"वाफ घेतली की हात नाचतात. चकती वाकडी बसते. स्क्रू... हातातून उडतो. म्हटलं, हातचं तेवढं काम होऊ दे, मग घेऊ. मग काम... संपतच नाही."

"सांगायचं नाही का डॉक्टरांना? वेळ बदलतील, औषध बदलतील. आधी काम, मग वाफ, असं काही बसवता येईल. तोंड दिलंय ना देवाने?"

"सांगितलं तर म्हणतील, काम बंद करा. तुम्ही... वाटच बघताय."

 खरं तर वाद घालायचा होता, पण माझी नजर त्या कागदाच्या पट्टीवर गेली होती. इतक्या वर्षांत या दुकानात मी असला कागद कधी पाहिला नव्हता. यांची तपासायची रीत मला ठाऊक होती, पोरीला मांडीवर घेऊन मी तासन् तास पाहिलेली: खालचं तोंड गुडघ्याला दाबून बंद करायचं, वरच्या तोंडाला ओठ लावायचे, आणि फुंकायचं. कुठे गळतंय ते यांच्या जिभेला कळायचं. "कागद, दिवे, मशीन हे नवशिक्यांचे चोचले," असं म्हणायचे. "माझं मशीन इथे आहे," आणि छातीवर थाप.

आता कागद होता. मशीन होतं. दुपारी ताट वाढायच्या आधीच 'जेवलोय' होतं.

कागद सिगारेटचा असता ना, तर मी ते पाकीट चुलीत घातलं असतं. चार दिवस भांडले असते, लेकीला बोलावून घेतलं असतं, वन्संना रडायला लावलं असतं. मग यांनी सिगारेट सोडली असती आणि छाती सुधारली असती. गुन्हेगार सापडला की गुन्हा थांबतो. इतके दिवस मी हुंगत, खिसे उलटे करत, गाल तपासत फिरत होते ते त्यासाठीच. सिगारेट सापडावी म्हणून नवस बोलायचाच काय तो राहिला होता. आणि इथे सिगारेट नव्हती. वाफ चुकली हे खरं. पण तो कोट यांनी शेवटचा अंगात घातला तो त्याच्याही आधी, दुसऱ्यांदा दवाखान्यात जाण्यापूर्वी, वाफ वेळच्या वेळी चालू होती तेव्हा. तेव्हाच यांच्या खिशात कागद आलेला होता.

  त्यांनी क्लॅरिनेटमधून नळी काढली, मास्कला जोडली. कपाटातून मी औषधाची नवी कुपी आणून वाटीत ओतली. त्यांनी मास्क तोंडाला लावला. रबर मी मागून नीट केलं, कानाशी चिमटा बसतो तिथे बोट घालून सैल केलं. वाफ उठली आणि त्यांचा चष्मा धुरकट झाला.

वन्सं एव्हाना उठून आत आल्या होत्या. दाराच्या चौकटीला धरून सगळं बघत होत्या. त्यांचा चेहरा मला बघवेना. इतके दिवस त्यांनी शपथेवर सांगितलेलं, की घेतली, पोटभर घेतली.

"मी आपली आवाजावर..." त्या म्हणाल्या. "धाकट्या, मला फसवलंस रे."

मास्तरांनी मास्क तसाच ठेवून हात जोडले.

"असू दे. आता मी बाहेर नाही बसायची. इथे समोर बसेन, डोळ्यात तेल घालून." त्यांनी खरंच स्टूल ओढलं, पितळेच्या नळ्या बाजूला सारल्या आणि भावासमोर बसल्या. मशीन घरघरत होतं, म्हणून मोठ्याने बोलायला लागल्या. "लोणचंही बंद. साखरपाणी बंद. नेमाने घे वाफ, म्हणजे होशील पहिल्यासारखा. काय? पुन्हा वाजवशील! त्या बाईला म्हणावं, पुढच्या खेपेला ये, मास्तर स्वतः वाजवून दाखवतील. हो की नाही गं?"

शेवटचं मला होतं.

हा प्रश्न नवा नव्हता. वेगवेगळ्या तोंडांनी वर्षभर येत होता. लेक फोनवर विचारायची, बाबा ठणठणीत होणार ना? मी म्हणायचे, होणार तर. तिन्ही डॉक्टर म्हणायचे, कंट्रोलमध्ये ठेवू. कंट्रोलच्या पुढे काय, हे आम्ही कोणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. 'हो तर' ओठांवर तयार होतं, घडी घालून इस्त्री करून ठेवलेल्या रुमालासारखं.

मास्तरांनी चष्मा काढला. सदऱ्याला पुसला, पण परत लावला नाही. मास्कच्या वरून माझ्याकडे बघत राहिले. औषध आत जायला लागलं होतं. मांडीवरच्या क्लॅरिनेटवर ठेवलेली बोटं हलकेच थरथरत होती, चाव्या किणकिणत होत्या. मी त्या बोटांवर हात ठेवला.

"नाही, वन्सं," मी म्हणाले.

"काय?" वन्सं कानाला हात लावून पुढे झुकल्या. मशीनपुढे त्यांना ऐकू गेलं नव्हतं.

एकदा हळू बोलून भागेल असं मला वाटलं होतं. मास्तरांची नजर हलली नाही. दार सताड उघडं होतं, रस्त्यावरून माणसं जात होती. मी गळा मोकळा केला आणि मशीनच्या वर आवाज चढवून, अख्ख्या रस्त्याला जाईल असं ओरडून सांगितलं:

"यांची छाती आता परत यायची नाही, वन्सं! वाफ घेऊन आहे तेवढी टिकेल! पण पहिल्यासारखे नाही व्हायचे हे, आणि पुन्हा नाही वाजवायचे!"